रोड बाइकची बैठक: आरामाची की वेगाची? साताऱ्याच्या रस्त्यांसाठी तुलना

रोड बाइक घरी आली की महिन्याभरात हा प्रश्न पडतोच: हँडल खाली घ्यावं की वर? खाली घेतलं तर वारा कमी अडतो, वर घेतलं तर पाठ-मान सुखात राहते. साताऱ्यात राहून सायकल चालवणाऱ्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. हँडल वर ठेवा आणि कोपर वाकवून बसायची सवय लावा. आता दोन्ही बाजू बघू.

सीटपासून सुरुवात करू, कारण तिथे निवड करण्यासारखं काही नाही. आराम हवा म्हणून सीट खाली घेणारे खूप दिसतात. दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर येतो, हे खरं. पण खालच्या सीटवर गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो, वाटीपाशी दुखायला लागतं आणि पायातला जोरही वाया जातो. म्हणजे आरामही गेला आणि वेगही. सीट फार वर असली तर गुडघ्याची मागची बाजू ओढते आणि कंबर डावी-उजवीकडे झुलते. झुलणारी कंबर स्वतःला कळत नाही. मागून येणाऱ्या मित्राला मोबाइलवर अर्धा मिनिट शूटिंग करायला सांगा, लगेच दिसेल.

माप घरी घेता येतं. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं घट्ट वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. माप ८० सेंमी आलं तर सीट साधारण ७०.६ सेंमीवर. ही सुरुवात समजा. पुढे ३-३ मिलीमीटरने वरखाली करत जा. पेडल तळाशी असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहिला पाहिजे. सीट आडवी सपाट, फार तर नाक अंशभर खाली. नाक जास्त खाली केलं तर शरीर पुढे घसरतं, सगळा भार तळहातांवर येतो आणि करंगळीला मुंग्या येतात. मग लोक हातमोजे बदलत बसतात.

खरी निवड हँडलपाशी सुरू होते.

वेगाची बैठक म्हणजे स्टेमखालचे (स्टेम म्हणजे हँडल सायकलला जोडणारा आखूड दांडा) स्पेसर, म्हणजे उंचीसाठी घातलेल्या कड्या, काढलेले, स्टेम लांब आणि हँडल सीटपेक्षा बरंच खाली. फायदा खरा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३० च्या पुढे गेलात की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. त्यातही सायकलपेक्षा आपल्या शरीराचाच वाटा मोठा, साधारण तीन चतुर्थांश. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. पण यासाठी मांडीचे मागचे स्नायू लवचिक हवेत आणि पोटाच्या स्नायूंत ताकद हवी. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याची कंबर तासाभरात बोलायला लागते.

आरामाच्या बैठकीत हँडल सीटच्या जवळपास उंचीवर असतं आणि स्टेम जरा आखूड. मान ताणावी लागत नाही, छाती मोकळी राहते, खड्डा दुरून दिसतो. तोटा एकच: हात सरळ ताणून बसलात तर छाती वाऱ्याला शिडासारखी अडते.

आता आपले रस्ते बघा. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट धरला की कासपर्यंत चढच चढ. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे. चढाला बहुतेकांचा वेग ताशी १०-१२ असतो. तिथे लढाई हवेशी नसून गुरुत्वाकर्षणाशी असते, त्यामुळे खाली घेतलेल्या हँडलचा उपयोग जवळपास शून्य. सज्जनगड, ठोसेघर, वाईहून पसरणी घाट, सगळीकडे हाच हिशेब. उतरताना तर आरामाची बैठक उघड सरस ठरते. उतारावर हात खालच्या वळणदार भागात, म्हणजे ड्रॉप्सवर हवेत. तिथून ब्रेक जोरात दाबता येतो आणि पुढच्या चाकावर पकड राहते. हँडल आधीच फार खाली असेल तर ड्रॉप्सपर्यंत वाकवत नाही, मग माणूस वरूनच ब्रेक दाबत घाट उतरतो. वळणावर समोरून एसटी आली की हा फरक जिवाशी येतो.

वेगाच्या बैठकीचं चीज होतं ते संगम माहुलीवरून कोरेगावकडे किंवा महामार्गाने कराडकडे. त्यातही गंमत अशी की उंच हँडलवर कोपर वाकवून ड्रॉप्स धरणारा, खालच्या हँडलवर हात ताठ ठेवणाऱ्याइतकाच, कधी त्याहून जास्त झुकलेला असतो. जी बैठक तासभर टिकते तीच वेग देते. ट्रायथलॉनची किंवा टाइम ट्रायलची (एकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीची) तयारी करत असाल, सराव नियमित असेल आणि गुडघे न वाकवता बोटं सहज जमिनीला टेकत असतील, तर मात्र वेगाची बाजू घ्या.

टायरबद्दल थोडक्यात. फ्रेममध्ये जागा असेल तर २५ ऐवजी २८ मिमी रुंदीचे घाला आणि हवा कमी ठेवा. सत्तर किलोच्या माणसाला ७० पीएसआयच्या आसपास पुरते. खडबडीत डांबरावर हा बदल आरामही देतो आणि वेगही खात नाही.

बदल करताना एका वेळी एकच. स्टेम उलटा बसवला तरी हँडल साधारण २ सेंमी वर किंवा खाली जातं, तेही फुकटात. स्पेसर १ सेंमी वाढवला की हँडल सुमारे ३ मिमी मागेही सरकतं, हे ध्यानात ठेवा. परत बसवताना आधी स्टेमवरच्या टोपीचा बोल्ट हँडलची खुळखुळ जाईपर्यंतच कसायचा, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट, स्टेमवर लिहिलेल्या आकड्याइतके. हा आकडा बहुधा ५ न्यूटन-मीटर असतो. कार्बनचे भाग असतील तर टॉर्कचा पाना (किती जोराने कसलं ते मोजणारा) हवाच.

आणि दुकानात कुणी काट्याची नळी (पुढच्या चाकाच्या काट्यातून वर येणारी, जिच्यावर स्टेम बसतो ती) कापून देतो म्हणाला तर थांबवा. काढलेले स्पेसर स्टेमच्या वर ठेवून निदान एक हंगाम चालवा. नळी एकदा कापली की हँडल पुन्हा वर घ्यायला जागाच राहत नाही.