ऑफिसचे फोल्डर, घरचे वायफाय आणि 90 सेकंदांची वाट : सात महिन्यांच्या वापरानंतर

जुना लॅपटॉप लवकर सुरू व्हावा म्हणून मी साडेतीन हजार रुपये खर्चून त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली. तरीही घरी तो सुरू केला की लॉगिनच्या आधी पडद्यावर लाल तारका इकडून तिकडे फिरत राहायच्या आणि शेजारी दीड मिनिटाची मुदत मोजली जायची. ऑफिसात मात्र हाच लॅपटॉप, हेच डेबियन 12 (एक लिनक्स प्रणाली), काही सेकंदांत तयार असे.

कारण एफएसटॅबमधल्या, म्हणजे सुरू होताना काय काय जोडायचे त्या यादीतल्या, एका ओळीत होते. ऑफिसच्या सर्व्हरवरचे एनएफएस (नेटवर्कवरून वापरायचे) फोल्डर तिथे नोंदवलेले होते आणि घरच्या वायफायवरून तो सर्व्हर दिसत नाही. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटला (टार्गेट म्हणजे एकत्र सुरू-बंद होणाऱ्या कामांचा टप्पा) जोडणी झाली एवढेच कळते, ती कोणाशी झाली हे कळत नाही. त्यामुळे सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू करणारी प्रणाली) त्या माउंटसाठी, म्हणजे फोल्डर जोडले जाण्यासाठी, 90 सेकंद थांबायची आणि लॉगिनला मुभा देणारी सेवा रिमोट-एफएस टार्गेटच्या (नेटवर्कवरची फोल्डरे जोडण्याच्या टप्प्याच्या) मागे ताटकळत राहायची.

त्या ओळीत नोफेल (माउंट फसले तरी पुढे जा) लिहिताच थांबा संपला. पहिल्या महिन्यात कोणी विचारले असते तर यापलीकडे काही करू नका, असेच मी सांगितले असते.

ते मत मला बदलावे लागले. दुसऱ्या महिन्यात एसएसडी 94 टक्के भरली. घरी माउंट होत नसे, पण त्या फोल्डरात फायलींची प्रत ठेवणारी बॅकअपची सेवा ठरल्याप्रमाणे चालू होई आणि रिकामे फोल्डर पाहून सगळ्या फायली पुन्हा त्याच एसएसडीवर उतरवत असे. सेवेच्या युनिटमध्ये (सिस्टमडीसाठीच्या सूचनांच्या फायलीत) मी फक्त आफ्टर लिहिले होते. आफ्टरने क्रम ठरतो, गरज ठरत नाही. माउंट फसले तरी सेवा पुढे जाते. तिथे रिक्वायर्स-माउंट्स-फॉर (माउंट झाले तरच सुरू हो) हवे होते.

मग मी फोल्डर आणि बॅकअप दोन्ही स्टार्टअपमधूनच बाहेर काढले. एफएसटॅबची ओळ पुसून वेगळे माउंट युनिट लिहिले, 'ऑफिस' नावाचे टार्गेट बनवले आणि दोन्ही युनिटांत त्याच्यासाठी पार्ट-ऑफ घातले, म्हणजे टार्गेट थांबले की तीही थांबतात. नेटवर्कमॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम; जोडणी बदलली की त्याच्या डिस्पॅचर फोल्डरमधली छोटी स्क्रिप्ट चालते, जोडणीचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) पाहते आणि तो ऑफिसचा असेल तरच टार्गेट सुरू करते. जोडणी रीतसर तोडली जात असेल तर प्री-डाउनची (तुटण्याआधी चालणारी) स्क्रिप्ट आधी टार्गेट थांबवते. स्टार्टअपच्या वेळी एकदाच जुळवलेले अवलंबित्व दिवसभर बदलणाऱ्या नेटवर्कला पुरत नाही, हे मला इथे पटले.

माझी खरी तक्रार परवानग्यांबद्दल आहे आणि ती मी सौम्य करणार नाही. पाचव्या महिन्यात स्क्रिप्ट संपादित करताना तिची परवानगी 775 झाली. गटाला लिहिण्याची मुभा असलेली स्क्रिप्ट नेटवर्कमॅनेजर चालवत नाही. सुरक्षिततेसाठी हा नियम योग्यच आहे, परंतु पडद्यावर एक अक्षरही येत नाही. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) डिस्पॅचरच्या नोंदी उघडल्या तेव्हाच कारण सापडले. तोवर अकरा दिवसांचा बॅकअप बुडाला होता. 755 (गटाला लिहिण्याची मुभा नाही) केल्यावर सगळे पूर्ववत झाले.

एक उणीव अजून आहे. वायफायच्या टप्प्याबाहेर चालत गेल्यास प्री-डाउनला संधीच मिळत नाही, माउंट लटकतो आणि लॅपटॉप बंद होताना अडतो. म्हणून ऑफिसातून निघताना मी टार्गेट हाताने थांबवतो आणि मगच झाकण मिटतो.