बाळाच्या लंगोटांसाठी रिठा: कोणता घ्यावा, पाणी कसं करावं, कुठे कमी पडतो

काष्ठौषधींच्या दुकानात रिठा तीन रूपांत मिळतो: बीसकट अख्खा, बी काढलेली टरफलं आणि पावडर. तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी घरी धुण्याचं पाणी करायचं असेल, तर टरफलं घ्यावीत. अख्खा रिठाही चालतो, फक्त भाव नीट पाहावा लागतो. आतली काळी, टणक बी फेसाच्या कामाची नाही आणि फळाच्या वजनात तिचा वाटा मोठा असतो. त्यामुळे अख्खा रिठा किलोमागे स्वस्त दिसला, तरी फोडून बी बाजूला काढल्यावर तो स्वस्त उरेलच असं नाही.

पावडर मात्र या कामासाठी अजिबात घेऊ नये. ती बीसकट दळली आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. दुहेरी फडक्यातून गाळली तरी बारीक चुरा पाण्यात उतरतो आणि लंगोटाच्या विणीत बसतो. वाळल्यावर तोच चुरा बाळाच्या जांघेत घासला जातो. शिवाय डबा उघडताच ती उडते, शिंका सुरू होतात आणि डोळ्यांत गेली तर चांगलीच झोंबते.

घेताना टरफल हातात धरून पाहावं. चांगलं टरफल तांबूस तपकिरी असतं, बोटांना किंचित चिकटतं आणि उजेडाकडे धरलं तर कडेला मधासारखं झळकतं. काळपट पडलेला, कुबट वासाचा किंवा किडीने भोकं पाडलेला माल परत करावा. शंका असेल तर एक टरफल अर्धी बाटली कोमट पाण्यात घालून जोरात हलवावं. फेस लगेच यायला हवा आणि मिनिटभर तरी टिकायला हवा. उत्तरेकडचा रिठा एकेरी, गोल असतो. आपल्याकडच्या घाटातला आणि कोकणातला बहुधा तीन फोडी जोडलेला. धुण्यासाठी दोन्ही चांगले.

पाणी असं करावं. ५० ग्रॅम टरफलं धुऊन १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावीत. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर २० मिनिटं उकळावीत. पातेलं अर्ध्याहून जास्त भरू नये, कारण फेस दुधासारखा वर चढतो. कोमट झाल्यावर टरफलं हाताने चांगली कुस्करावीत आणि सुती कापडाची दुहेरी घडी करून पाणी गाळावं. चोथ्यात अर्धा लिटर पाणी घालून पुन्हा उकळलं तर पातळ पाणी निघतं. ते बाळाच्या कपड्यांना न वापरता पायपुसण्यांना वापरावं.

हे पाणी बाहेर दोन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवणं सगळ्यांत सोयीचं. आंबूस वास आला की सरळ ओतून द्यावं.

अर्ध्या बादलीत, म्हणजे साधारण ८ लिटर कोमट पाण्यात, १५० मिली रिठ्याचं पाणी घालून १५-२० लंगोट अर्धा तास भिजवावेत, चोळावेत आणि दोन स्वच्छ पाण्यांतून काढावेत. फेस कमी दिसतो म्हणून माप वाढवू नये. जास्तीच्या रिठ्याने पांढरं कापड पिवळट पडतं.

साबणाचा कीस आणि धुण्याचा सोडा मिसळून केलेल्या घरगुती पावडरीपेक्षा रिठा बाळाला बरा, तो मुख्यतः पाण्यामुळे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि धाग्यावर थर देत बसतो. लंगोट पत्र्यासारखा कडक होतो आणि शू शोषेनासा होतो. रिठ्यातला फेसाचा घटक साबणाच्या जातीचा नाही, त्याचा असा साका होत नाही. सोडा तीव्र अल्कधर्मी असतो. कमी खळबळला तर कातडीला लागतो. रिठ्याचं पाणी उलट किंचित आम्ल असतं. त्या पावडरीत बोरॅक्स घालायला सांगितलं असेल, तर ती कृती सोडूनच द्यावी. बोरॅक्स तान्ह्या बाळाच्या पोटात गेला तर विषारी ठरतो.

आधीचा थर चढलेला आहे का, हे पाहायला वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो क्षणात जिरला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला, तर कापड गरम पाण्यात फेस यायचा थांबेपर्यंत खळबळून घ्यावं.

आता रिठा कमी पडतो ती ठिकाणं. शीच्या डागांवर तो एकटा पुरत नाही. शी लगेच थंड पाण्याखाली काढून टाकावी, डागावर बिनवासाची साबणाची वडी चोळावी आणि ओलं कापड कडक उन्हात घालावं. नुसतं दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग उन्हाने चांगला उतरतो. पावसाळ्यात ही सोय नसते, तेव्हा डाग राहतो. स्वच्छ धुतलेल्या कापडावरचा डाग बाळाला अपाय करत नाही. ओकलेल्या दुधालाही पहिलं पाणी थंडच, गरम पाण्याने ते धाग्यात पक्कं बसतं.

मालिशच्या तेलाचं उलट आहे. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे थंडीत गार पाण्यात दुपटं कितीही घासलं तरी मेणचटपणा जात नाही. तेलकट जागी दाट रिठा लावून २० मिनिटं ठेवावं, मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात धुवावं.

आणि रिठा जंतू मारतो असं धरून चालू नये. बाळाला जुलाब असतील किंवा जांघेत बुरशीचं पुरळ असेल, तर सुती लंगोट धुतल्यावर १० मिनिटं उकळावेत. पुरळ दोन-तीन दिवसांत ओसरलं नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

लोकरीची टोपरी, मोजे, रेशमी कुंची यांना मात्र रिठ्यासारखं दुसरं काही नाही. त्यांना गार पाणी, १० मिनिटं भिजवणं, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली जुनी झबली मात्र बाळाला देण्यापूर्वी धुऊन, उन्हात बरेच दिवस हवेशीर ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावीत. डांबरगोळ्यांतलं नॅप्थॅलीन काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं.

उरलेली टरफलं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावीत, पावसाळी हवेत ती ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात आणि बुरा धरतात. गाळलेल्या पाण्याच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘रिठा’ लिहावं आणि ती फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवावी. रंगाने ते थेट कोऱ्या चहासारखं दिसतं.