लाँग ट्रॅक की शॉर्ट ट्रॅक?

हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंग दोन तऱ्हांचं असतं. लाँग ट्रॅकची फेरी 400 मीटरची. बहुतेक शर्यतींत दोघेच धावतात, आपापल्या लेनमध्ये, आणि खरी झुंज घड्याळाशी. दर फेरीला लेन बदलायची, म्हणजे आतल्या वळणाचा फायदा दोघांनाही सारखाच. 2022 साली बीजिंगमध्ये स्वीडनच्या निल्स व्हॅन डर पूलने 10,000 मीटर 12 मिनिटं 30.74 सेकंदांत कापले. तेव्हाचा विश्वविक्रम! पण पंचवीस फेऱ्या बघायला चिकाटी लागते, हेही खरं.

शॉर्ट ट्रॅक म्हणजे नुसती झुंबड. जेमतेम 111 मीटरची फेरी, चार-सहा जण एकदम, वळणावर अंग इतकं कललेलं की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात. म्हणून हातमोज्याच्या टोकांना गुळगुळीत कडक टोप्या. इथे वेळेपेक्षा नंबर महत्त्वाचा. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीत 1000 मीटरच्या अंतिम फेरीत शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही आडवे झाले आणि सर्वात मागे असलेला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी आरामात सुवर्ण घेऊन गेला.

कोण खरोखर वेगवान, हे लाँग ट्रॅकच सांगतो. तरी टीव्हीसमोर बसलोच, तर मी शॉर्ट ट्रॅकच लावीन.