बाटली, बोंडलं की वाटी-चमचा? अंगावर पाजणाऱ्या आईसाठी

अंगावर पाजणाऱ्या आईला बाटली लागते ती एकाच कारणासाठी: ती घरात नसताना तिचं काढून ठेवलेलं दूध बाळाच्या पोटात जावं. दुकानातल्या बहुतेक बाटल्या मात्र पावडरच्या दुधाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्या मोठ्या असतात, पटकन रिकाम्या होतात आणि 'तीन महिन्यांनंतर पुढच्या नंबरचं निपल लावा' असं बजावतात. त्यामुळे या बाटलीची त्या बाटलीशी तुलना करण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या. तुम्ही कामावर कधी परतणार, मागे बाळाला पाजणार कोण आणि ते भांडं घासणार कोण? माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

आधी तारीख बघा

२०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, तिसऱ्यापासून १२ आठवड्यांची. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. कुणी सगळी रजा बाळ झाल्यावर घेतली, तर ती परतेपर्यंत बाळ सहा महिन्यांचं झालेलं असतं. म्हणजे पेज, मऊ भात, वरणाचं पाणी सुरू व्हायची वेळ आणि बाळ हाताने धरलेल्या फुलपात्रातून घोट घ्यायला शिकायची वेळ एकच. अशा घरात बाटली आणलीच नाही तरी काही अडत नाही. डोहाळजेवणाला आणि बारशाला आलेल्या बाटल्या पाहून हे कुणाच्या लक्षात येत नाही, ही गोष्ट वेगळी.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्याही मिळतात. आधी एचआरकडे हे विचारून घ्या, बाटल्यांचं मग बघू.

ज्यांची रजा एवढी नसते, म्हणजे कंत्राटावरच्या, स्वतःचं क्लिनिक किंवा पार्लर चालवणाऱ्या, छोट्या दुकानात काम करणाऱ्या, त्यांचं बाळ दोन-तीन महिन्यांचं असतानाच त्यांना घराबाहेर पडावं लागतं. पुढची तुलना मुख्यतः त्यांच्यासाठी.

बोंडलं आणि वाटी-चमचा

बोंडलं आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत असतं, चांदीचं किंवा स्टीलचं, एका बाजूला निमुळती चोच असलेलं. दक्षिणेत त्यालाच पालडै म्हणतात. आपल्या देशातल्या नवजात विभागांत, पुरेशी ओढ नसलेल्या कमी दिवसांच्या बाळांना, गर्भधारणेपासूनचे साधारण ३२ आठवडे भरल्यानंतर, याच भांड्याने आईचं दूध पाजतात. म्हणजे हा 'जुना प्रकार' म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू घासताना कळते. त्याला झाकण नाही, वायसर नाही, नळी नाही, आतला कोपरा नाही. साबणाने घासलं, पाण्यात उकळलं, उपडं घातलं, झालं. बाटलीच्या मानेत आणि निपलच्या कडेला दुधाची साय अडकते, ती ब्रशनेही नीट निघत नाही आणि जुलाबाचा धोका तिथून सुरू होतो. पाणी दिवसाआड येतं, घरात एकच गॅस आहे, सांभाळणाऱ्या मावशी दुपारी तीन बाळांचं बघतात, अशा ठिकाणी मी बोंडलं किंवा वाटी-चमचाच निवडेन.

दुसरी जमेची बाजू म्हणजे बाळ चोखायला दुसरं काही शिकत नाही. अंगावर पिताना बाळाला तोंड मोठं उघडून पकड घ्यावी लागते आणि पान्हा येईपर्यंत थांबावं लागतं. बोंडल्याने ती सवय बिघडत नाही.

आता उणी बाजू. सांडतं. काढलेलं दूध किती कष्टाने जमवलेलं असतं हे जिला माहीत आहे, तिला लाळेऱ्यावर पडलेले पाच मिलीसुद्धा खुपतात. पहिले काही दिवस पंधरा मिनिटांचं काम अर्धा तास घेतं. मुख्य म्हणजे पाजणाऱ्याला पद्धत माहीत हवी. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठांपर्यंत आणून थांबायचं. बाळ जिभेने ओढून घेतं. घशात ओतायचं नाही. बाळाला आडवं झोपवून, नाक दाबून पाजायची जुनी रीत काही घरांत दिसते. तिने ठसका लागतो आणि दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. आजीशी हे बोलणं नाजूक असतं, पण सुट्टीच्या दिवशी स्वतः समोर बसून दोन-तीन वेळा करून दाखवलं की जमतं.

वाटी-चमच्याचं तंत्र हेच, फक्त आणखी सावकाश. दिवसातून एखादा फीड चुकणार असेल, उदाहरणार्थ बँकेत, लग्नाला किंवा दंतवैद्याकडे जायचं असेल, तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. दिवसाचे तीन फीड रोज चमच्याने देणं मात्र सांभाळणाऱ्याच्या अंगावर येतं.

बाजारात चमचा जोडलेली सिलिकॉनची पिळायची बाटलीही मिळते. ती मला पटत नाही. पिळणाऱ्याच्या हाताच्या जोरावर दूध येतं, बाळाच्या इच्छेने नाही.

बाटलीच घ्यायची तर निपलकडे आधी बघा

दुकानात आपण बाटली हातात घेऊन बघतो, निपल मात्र पाकिटातच असतं. बाळाच्या तोंडात जातं ते निपल.

'अगदी आईसारखं' असं लिहिलेली निपल बरीच दिसतात: रुंद, गोल घुमटाचा तळ आणि वर छोटंसं टोक. यात अडचण अशी की बरीच बाळं तेवढं टोकच ओठांत धरतात आणि स्ट्रॉसारखी चोखतात. टोकापासून तळापर्यंत हळूहळू रुंद होत जाणारं निपल मला जास्त बरं वाटतं. ते तोंडात खोलवर जातं आणि ओठ बाहेर वळून त्यावर बसतात. बाळ पीत असताना ओठ आत दुमडलेले दिसले, किंवा चुक-चुक आवाज येऊन कडेने दूध गळू लागलं, तर आकार बदला.

दुधाच्या वेगाचं त्याहून महत्त्वाचं. सगळ्यात सावकाश निपल घ्या आणि तेच ठेवा. पाकिटावरच्या १, २, ३ या आकड्यांना कंपन्यांमध्ये सामाईक माप नाही. एकीचं 'एक नंबर' दुसरीच्या दोन नंबरहून भराभर गळू शकतं. बाळ तीन महिन्यांचं झालं म्हणून पुढच्या नंबरवर जायचं कारणही अंगावर पिणाऱ्या बाळाला सहसा नसतं. पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत आईच्या दुधाचं दिवसाचं प्रमाण फारसं वाढत नाही, साधारण ७५० मिलीच्या आसपास राहतं. बाटलीतून पाच मिनिटांत शंभर मिली मिळायला लागले की बाळ अंगावर पान्ह्याची वाट बघत नाही, कुरकुरतं, मान फिरवतं. मग घरात 'आईचं दूध आटलं' अशी कुजबुज सुरू होते आणि दोष निपलचा आहे हे कुणी बघत नाही. एका फीडला पंधरा-वीस मिनिटं लागली तर वेग बरोबर.

सिलिकॉन की रबर? सिलिकॉन. उकळणं सोसतं, वास धरत नाही, डाग दिसतो. रबराचं निपल मऊ असतं खरं, पण लवकर फुगतं, चिकट होतं आणि काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. कुठलंही असलं तरी दोन-तीन महिन्यांनी बदला, चीर दिसली तर त्याच दिवशी.

'अँटी-कॉलिक', म्हणजे हवा गिळून होणारी पोटदुखी टाळतात असं सांगून विकल्या जाणाऱ्या, बाटलीतल्या नळ्या आणि झडपांवर मी पैसे घालणार नाही. हवा कमी गिळली जाते ती मुख्यतः बाळाला बसतं धरून, थांबत-थांबत पाजल्याने. त्या नळीसाठी वेगळा बारीक ब्रश लागतो, तो सिंकच्या कोपऱ्यात हरवतो आणि नळी तशीच राहते.

काच, स्टील, प्लास्टिक

प्लास्टिकच्या बाटलीवर 'बीपीए-फ्री' असं ठळक लिहिलेलं असतं. त्यात विशेष काही नाही. बाटल्यांसाठीच्या आयएस १४६२५ या भारतीय मानकाने २०१५ मध्येच पॉलिकार्बोनेटला, म्हणजे ज्यातून बीपीए हे रसायन सुटतं त्या प्लास्टिकला, मनाई केली. बघायचं ते आयएसआय चिन्ह. रस्त्यावरच्या आणि खेळण्यांच्या दुकानातल्या बाटल्यांवर ते नसेल तर परत ठेवा.

साधी प्लास्टिकची बाटली पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची असते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये या बाटल्या तपासल्या, तेव्हा गरम पाण्यात त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म कण लिटरमागे लाखोंनी सुटताना दिसले आणि पाणी जितकं कढत तितके जास्त. या कणांचा बाळावर नक्की काय परिणाम होतो हे त्या अभ्यासाने सांगितलेलं नाही. तरी आपल्यापुरता उपाय सोपा आहे. आईचं दूध कढत करायचं नसतंच. बाटली उकळलीत तर ती थंड होऊ द्या, उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा आणि मगच दूध भरा. ओरखडे पडलेली, धुरकट झालेली पीपीची बाटली टाकून द्या.

पीपीएसयू म्हणजे मधाच्या रंगाचं, जरा पिवळसर प्लास्टिक. रोजच्या उकळण्याला ते पीपीपेक्षा जास्त टिकतं, पण किंमत बरीच जास्त. दोन बाटल्या वर्षभर रोज वापरणार असाल तर परवडतं.

बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच मला स्वच्छतेत सगळ्यात वरची वाटते. वास नाही, ओरखडा नाही, साय राहिली तर लगेच दिसते. पण ती जड असते आणि फरशीवर पडली की काम संपतं. घरात आजी-आजोबा पाजणार असतील आणि हातात जोर कमी असेल, किंवा बाळाला पाळणाघरात ठेवायचं असेल, तर काच नको. बरीच पाळणाघरं ती घेतही नाहीत.

स्टील टिकतं, प्रवासात छान. मात्र आतलं दूध दिसत नाही, किती उरलं ते कळत नाही, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत रोज किती प्यायलं हे आईला हवंच असतं, कारण उद्या किती काढायचं ते त्यावर ठरतं. सहा महिन्यांनंतर पाण्यासाठी स्टील उत्तम.

एकच सांगायचं तर: घरात कुणी सावध माणूस पाजणार असेल तर काच, पाळणाघरासाठी पीपीएसयू, बजेट कमी असेल तर आयएसआयची पीपी आणि वेळेवर बदल. तिन्हींत रुंद तोंडाचीच, म्हणजे ब्रश तळापर्यंत जातो.

किती आणि केवढ्या

२५० मिलीची बाटली घेऊ नका. २४ तासांत ७५० मिली धरलं तर तासाला साधारण ३० मिली होतात. तुम्ही प्रवासासकट दहा तास बाहेर असाल तर ३०० मिली, म्हणजे शंभर-शंभरचे तीन फीड. १२५ किंवा १५० मिलीच्या तीन बाटल्या पुरतात, चौथी राखीव. मोठी बाटली दिसली की सांभाळणाऱ्याला ती भरावीशी वाटते आणि भरली की संपवावीशी वाटते. बाळाने तोंड फिरवलं तरी 'एवढंसं राहिलंय' म्हणून पाजलं जातं.

तोंडाशी लावून उरलेलं दूध दोन तासांत वापरायचं, नाहीतर ओतायचं. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास राहतं, फ्रिजमध्ये चार दिवस. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात २५ अंश कुठली खोली देते? तिथे काढल्याबरोबर फ्रिज, किंवा बर्फाच्या पॅकची पिशवी. गरम करताना बाटली कोमट पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये दूध एका जागी चटका बसण्याइतकं तापतं आणि बाहेरून कळत नाही.

मी ब्रँडची नावं घेत नाही. शिशू दुग्धपर्याय आणि दूधबाटल्यांचा १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांनी बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने आणि सवलतीची कुपनं यांना बंदी घातली आहे. दवाखान्यातून भेट म्हणून बाटली पुढे आली तर ती त्या कायद्यात बसत नाही.

पाजायची रीत आणि सुरुवात

पहिले तीन-चार आठवडे बाटली नको, आधी अंगावरचं पिणं जमू द्या. नंतर कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधी दिवसातून एकदा सुरुवात करा आणि पहिली बाटली दुसऱ्या कुणी द्यावी. आईच्या वासाने बाळ बाटलीकडे बघतही नाही. बाळाला बसतं धरा, बाटली जवळजवळ आडवी ठेवा, निपल अर्धंच भरलेलं चालतं. चार-पाच घोटांनंतर बाटली खाली कलवून थांबा. झोपलेल्या बाळाच्या तोंडात उशीला टेकवून बाटली कधीच नाही.

काही बाळं दोन आठवडे प्रयत्न करूनही बाटली धरत नाहीत. तेव्हा सहावी बाटली विकत घेण्यापेक्षा बोंडल्याकडे वळा. चार-पाच महिन्यांचं बाळ छोट्या वाटीच्या काठावरूनही पितं. आणि ज्यांनी बाटली सुरू केली, त्यांनी वर्षाच्या आसपास ती कमी करायला घ्यावी, दीड वर्षापर्यंत बंद. रात्रीची बाटली सगळ्यात आधी, कारण दातांना कीड तिथूनच लागते.