लोगो झाकून निवडलेले गोल्फचे आयर्न : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत गोल्फच्या या नव्या आयर्न संचाबरोबर (आयर्न म्हणजे धातूच्या पातळ हेडचे, क्रमांक घातलेले क्लब) सुमारे ४० फेऱ्या झाल्या आणि त्याच्या दुप्पट दिवस सरावात गेले, त्यामुळे आता त्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते. पहिल्या आठवड्यात लिहिले असते तर नुसते कौतुक झाले असते आणि तिसऱ्या महिन्यात लिहिले असते तर नुसती तक्रार. संच कोणत्या कंपनीचा आहे हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण माझ्या स्विंगला जो मानवला तो दुसऱ्या कोणाला मानवेलच असे नाही. निवड कशी केली, त्यातून काय हाती आले आणि कुठे चुकले, हे मात्र कोणाच्याही उपयोगी पडू शकेल.

आधीचा संच मी सहा वर्षे वापरला आणि तो निव्वळ डोळ्यांनी निवडला होता. पातळ टॉपलाइन (हेडची वरची कड), नावालाच ऑफसेट (मारण्याची बाजू दांड्याच्या मागे सरकलेली असणे), अरुंद सोल (हेडचा तळ) आणि मागच्या बाजूला मोठ्या नावाची रेखीव कोरीव अक्षरे, असा तो देखणा संच होता. तो विकण्यापूर्वी ७ क्रमांकाचे आयर्न उजेडात नीट धरून पाहिले, तेव्हा त्याच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, सहा वर्षांत उमटलेला झिजेचा डाग दिसला. सातत्याने मध्यावर मारणाऱ्या खेळाडूच्या आयर्नवर हा डाग फेसच्या मधोमध, लहानसा आणि गोलसर असतो. माझा डाग मध्यापासून जवळजवळ अर्धा इंच टोकडे, म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकाकडे, सरकलेला होता आणि एखाद्या पुसट ढगासारखा लांबट पसरलेला होता. मी फेसवर नेमके कुठे मारते याची सहा वर्षांची नोंद तो क्लब स्वतःजवळ ठेवून होता आणि मी ती एकदाही वाचली नव्हती. मध्यावरच मारा, अशी अपेक्षा करणारा क्लब मी टोकडे मारणाऱ्या हातांत दिला होता.

म्हणून या वेळी चाचणीसाठी चार वेगवेगळी हेड घेतली, सर्वांना एकच शाफ्ट (दांडा) लावून मागितला आणि लोगोवर व मागच्या बाजूवर काळी पट्टी चिकटवली. प्रत्येक हेडने मी १५ चेंडू मारले, तेही मी नेहमी खेळते त्याच चेंडूने, कारण सरावाच्या जागी मिळणारे झिजलेले चेंडू स्पिन आणि अंतर दोन्हींविषयी दिशाभूल करतात. हे सर्व एका दिवसात न उरकता तीन वेगवेगळ्या दिवशी केले, आणि थकलेल्या हातांचा दोष शेवटच्या क्लबवर येऊ नये म्हणून दर वेळी क्रम बदलला. कोणताही फटका ‘हा धरू नका’ म्हणून वगळायचा नाही, असे आधीच ठरवले होते. चाचणीत माणूस स्वतःला सर्वाधिक फसवतो तो इथे, कारण वाईट फटके वगळले की सगळेच क्लब चांगले ठरतात आणि मग निवड पुन्हा डोळ्यांकडे जाते.

लाँच मॉनिटरच्या, म्हणजे फटक्याचे आकडे मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसते ते अंतर, आणि त्या आकड्याने पहिल्या दिवशी मलाही भुरळ घातली. चारांपैकी एका हेडने सरासरी १२८ यार्ड कॅरी (चेंडूने हवेत कापलेले अंतर) दिली, जी माझ्या जुन्या ७ क्रमांकाने क्वचितच दिली असेल. नंतर शांतपणे कागद पाहिला तेव्हा त्याच हेडचा सर्वांत आखूड फटका ११२ यार्डांचा आणि सर्वांत लांब १३७ यार्डांचा होता. म्हणजे एकाच क्लबमध्ये २५ यार्डांचा फरक, आणि त्यातला कोणता फटका निघणार हे मला आधी कळणार नाही. दुसऱ्या एका हेडची सरासरी १२३ यार्ड होती, पण सर्व १५ फटके ११७ ते १२८ यार्डांच्या आत होते. मी हे दुसरे हेड घेतले. पाच यार्ड सोडून देताना मनाला थोडे लागले, हे खरे आहे.

त्या लांब जाणाऱ्या हेडचे गुपित फारसे गूढ नव्हते. काही दशकांपूर्वी ७ क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, ३५ अंशांच्या आसपास असे, तर आज अंतरावर भर देणाऱ्या अनेक संचांत तो ३० अंशांच्याही खाली असतो. क्लबच्या तळावर कोणता आकडा कोरायचा यावर कोणताही नियम नाही, त्यामुळे कालचे ६ किंवा ५ क्रमांकाचे आयर्न आज ७ म्हणून हातात येऊ शकते. ज्यांचा स्विंग वेगवान आहे त्यांचा चेंडू कमी लॉफ्ट असूनही पुरेसा उंच जातो. माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या खेळाडूला मात्र त्याची किंमत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मोजावी लागते. त्या हेडने मारलेला चेंडू सरासरी ३७ अंशांनी खाली येत होता, आणि इतक्या सपाट कोनात पडलेला चेंडू घट्ट ग्रीनवर थांबत नाही, घरंगळत ग्रीनच्या पलीकडे निघून जातो. निवडलेल्या हेडचा लॉफ्ट ३१ अंश आहे आणि चेंडू उतरण्याचा कोन ४३ अंशांच्या आसपास येतो. हा कोन पडद्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत असतो आणि तो विचारावा लागतो, म्हणून इतक्या तपशिलाने लिहिले.

शाफ्टची गोष्ट याहून महत्त्वाची ठरली. मी स्त्री आहे म्हणून माझ्या हातात आधी ‘एल’ अक्षराचा (लेडीज, म्हणजे स्त्रियांसाठीचा मऊ), सुमारे ५० ग्रॅम वजनाचा शाफ्ट देण्यात आला; माझा स्विंग तोपर्यंत कोणी पाहिलाही नव्हता. शाफ्टवरच्या एल, ए, आर, एस या कडकपणा दाखवणाऱ्या अक्षरांना सर्व उत्पादकांना बांधील असे कोणतेही समान माप नाही, त्यामुळे एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका कडक असू शकतो. त्या हलक्या शाफ्टने माझा स्विंग घाईचा होत होता आणि ठसे पुन्हा टोकडे पसरत होते. फेसवर पायाला मारायच्या पावडरचा पातळ फवारा मारला की प्रत्येक फटक्याचा गोल ठसा स्वच्छ उमटतो, याहून स्वस्त आणि प्रामाणिक उपकरण मला माहीत नाही. तेच हेड, ६५ ग्रॅमचा आर शाफ्ट, आणि ठसे मध्याकडे सरकून एकमेकांवर पडू लागले. हेड बदलून जेवढा फरक पडला, जवळजवळ तेवढाच या १५ ग्रॅमनी पाडला.

आता वापराविषयी. मी प्रत्येक फेरीत ग्रीन चुकले तर चेंडू कुठल्या बाजूला राहिला, एवढेच वहीत टिपत असे. जुन्या संचाच्या शेवटच्या २० फेऱ्यांत चुकलेल्या दर १० फटक्यांपैकी ७ ग्रीनच्या अलीकडे, म्हणजे आखूड पडलेले होते. नव्या संचाच्या गेल्या २० फेऱ्यांत हे प्रमाण दहात ४ वर आले आहे. माझा उत्तम फटका पूर्वीपेक्षा फार लांब गेलेला नाही, वाईट फटका मात्र आता आधीइतका आखूड राहत नाही. ज्या १२० यार्डांच्या पार ३ (तीन फटक्यांत पूर्ण करायच्या) होलवर समोरचा बंकर (वाळूचा खड्डा) मला हमखास गिळत असे, तिथे आता टोवर लागलेला चेंडूही बंकरच्या काठापलीकडे जाऊन पडतो. वजन हेडच्या कडांकडे नेले की मध्याबाहेर लागलेल्या फटक्यात हेड कमी वळते आणि चेंडूचा वेग कमी घटतो. हे तत्त्व पुस्तकात वाचणे वेगळे आणि चिखलातून मारलेल्या चुकार फटक्यानंतर ग्रीनवर चालत जाणे वेगळे.

रुंद सोलचा फायदा मात्र मला चाचणीत कळलाच नव्हता. बंदिस्त जागेतल्या चटईवर चेंडूच्या मागे लागलेला क्लब घसरून पुढे जातो आणि फटका चांगला झाल्यासारखा दिसतो. तोच स्विंग मऊ गवतावर केला तर क्लब जमिनीत रुततो. पहिल्या पावसाळी फेरीत हे स्पष्ट झाले आणि अरुंद सोलचा क्लब घेतला नाही याचे समाधान वाटले. शक्य असेल तर शेवटची चाचणी गवतावर करावी, हा माझा आग्रह आहे.

चुकलेल्या गोष्टी दोन. पहिली चूक माझी. मी ७ क्रमांकात इतकी गुंतले की संचाच्या खालच्या टोकाकडे, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या वेजकडे, पाहिलेच नाही. नव्या पिचिंग वेजचा लॉफ्ट ४४ अंश आणि माझ्याजवळच्या सँड वेजचा ५६ अंश, म्हणजे मध्ये १२ अंशांची पोकळी. एकाने ९१ यार्ड, दुसऱ्याने ६४ यार्ड, आणि तीन महिने ७५ ते ८० यार्डांवरून मी अर्धवट स्विंगने झगडत राहिले. शेवटी ५० अंशांचा वेज घेतला, जो ७८ यार्ड देतो. वरच्या टोकाला ५ आणि ६ क्रमांकांच्या कॅरीत जेमतेम ३ यार्डांचा फरक होता, म्हणून ५ काढून हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) घेतला. पिशवीत १४ क्लबांचीच परवानगी असल्याने वेजसाठी एका फेअरवे वुडला (लांब फटक्यांच्या, जाड हेडच्या क्लबला) निरोप द्यावा लागला, आणि तो फारसा आठवला नाही.

दुसरी चूक विक्रेत्याची. माझ्या उंचीमुळे लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) २ अंश उभा करून मागवला होता, पण हाती आलेला संच प्रमाणित मापाचाच होता आणि देण्यापूर्वी कोणी तो मोजला नव्हता. लहान आयर्नचे फटके सतत उजवीकडे जात होते आणि मी दोन महिने स्वतःच्या स्विंगला दोष देत राहिले. मग चेंडूवर मार्करने उभी रेघ काढून, ती फेसकडे ठेवून फटका मारला. फेसवर उमटलेली रेघ हीलकडे, म्हणजे हेडच्या दांड्याकडच्या टोकाकडे, कललेली होती, म्हणजे क्लबचा लाय माझ्यासाठी सपाट होता आणि टो जमिनीला आधी टेकत होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू अशा वेळी उजवीकडे निघतो, आणि लॉफ्ट जितका जास्त तितका हा दोष अधिक जाणवतो. तक्रार केल्यावर लाय वाकवून दुरुस्त झाला, पण वाया गेलेल्या दोन महिन्यांची भरपाई कोण करणार? संच ताब्यात घेताना प्रत्येक क्लबचा लॉफ्ट आणि लाय समोर उभे राहून मोजून घ्यावा.

दिसण्याला काहीच अर्थ नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. चाचणीतले एक हेड आकड्यांत बरे होते, पण ऑफसेट इतका होता की चेंडूमागे ठेवल्यावर फेस डावीकडे बंद वाटायचा आणि माझे हात नकळत तो उघडायचे. नेम धरताना डोळ्यांना जे दिसते ते स्विंगमध्ये उतरते, आणि तेवढ्यापुरते दिसणे हा कामगिरीचाच भाग आहे. निवडलेल्या संचाची जाड टॉपलाइन मला आजही आवडत नाही. जुन्या क्लबमधून मध्यावर लागलेल्या फटक्याची जी मऊ जाणीव थेट तळव्यांत यायची, तीही यात नाही, आणि वाऱ्याखालून मुद्दाम खाली ठेवलेला फटका पूर्वीइतका सहज निघत नाही.

ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, मी बदललेला नाही. हेडचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत आणि फेसची उसळीही नियमाने ठरावीक मर्यादेतच ठेवावी लागते, त्यामुळे मध्यावरच्या फटक्यात नव्या ड्रायव्हरने माझ्या जुन्यापेक्षा फक्त २ यार्ड जास्त दिले आणि विखुरलेपणा तसाच राहिला.

पटरचीही, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलण्याच्या क्लबचीही, चाचणी तशीच केली. मध्यावरचे वजन कडांकडे नेण्याची कल्पना गोल्फमध्ये रुजवणारे कार्स्टन सॉलहाइम हे पेशाने अभियंते होते आणि त्यांनी सुरुवात पटरपासूनच केली. १९५९ मधला त्यांचा पहिला पटर त्या काळच्या पटरांसारखा दिसत नव्हता आणि चेंडूला लागताना होणाऱ्या आवाजावरूनच त्याला पिंग हे नाव पडले. १९६६ मधल्या त्यांच्या अ‍ॅन्सर या पटरचा आकार पुढे इतर अनेक उत्पादकांनी उचलला. त्याच धाटणीचा माझा जुना पटर आणि दोन नवे, असे तीन घेऊन १० फुटांवरून प्रत्येकी ४० फटके मारले. जुन्याने १५ चेंडू होलमध्ये घातले, नव्यांनी ११ आणि १२. त्याची फक्त ग्रिप बदलून घेतली आहे.