'कास्क द'ऑर': झाक बेकेर यांची काटकसरीने सांगितलेली शोकांत प्रेमकथा

1902 साली पॅरिसच्या पूर्वेकडील वस्त्यांत दोन गुंडटोळ्यांच्या म्होरक्यांमध्ये एका तरुणीवरून उघड वैर पेटले आणि वृत्तपत्रांनी ते प्रकरण चवीने छापले. तरुणीचे नाव आमेली एली. डोक्यावर उंच बांधलेल्या सोनेरी केसांमुळे तिला 'कास्क द'ऑर', म्हणजे 'सोनेरी शिरस्त्राण', म्हणत. मांदा आणि लका हे ते दोन म्होरके. खऱ्या खटल्यात दोघांचीही रवानगी फ्रेंच गयानातील सक्तमजुरीच्या वसाहतीत झाली. पन्नास वर्षांनी, 1952 मध्ये, फ्रेंच दिग्दर्शक झाक बेकेर यांनी या हकिगतीवर चित्रपट काढला, तेव्हा त्यांनी त्यातला सनसनाटी भाग जवळजवळ सगळा गाळून टाकला. पडद्यावरचा मांदा टोळीचा म्होरक्या नाही. तुरुंगवास भोगून बाहेर आलेला आणि आता पॅरिसच्या बेलव्हिल वस्तीतल्या एका कारखान्यात रंधा मारून पोट भरणारा तो सुतार आहे. लका मात्र टोळीप्रमुखच राहतो, पण वरकरणी दारूचा प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरतो. एवढ्या एका बदलाने गुंडांच्या मारामारीची बातमी प्रेमकथा होते. (पुढील मजकुरात कथेचा शेवट आलेला आहे, ज्यांना तो आधी कळू नये असे वाटते त्यांनी चित्रपट पाहूनच हे वाचावे.)

आरंभ होतो मार्न नदीवर. टोळीतली माणसे आणि त्यांच्या मैत्रिणी होड्यांतून काठावरच्या खानावळीत येतात, वाद्ये वाजू लागतात, जोड्या नाचू लागतात. मांदा तिथे कामासाठी आलेला असतो. तुरुंगातला त्याचा जुना सोबती रेमाँ त्याला ओळखतो आणि टेबलाशी बोलावतो. मारी, म्हणजे चित्रपटातली 'कास्क द'ऑर' (सिमोन सिन्योरे), आपल्या उर्मट प्रियकराबरोबर, रोलाँबरोबर, वॉल्ट्झ नाचते आहे. रोलाँ तिला गरागरा फिरवतो आणि प्रत्येक गिरकीत तिची मान वळून वळून मांदाकडे जाते. शरीर एका पुरुषाच्या हातात आणि नजर दुसऱ्याकडे, हे बेकेर यांनी एकाही संवादाशिवाय दाखवले आहे. मांदा आणि मारी यांच्यात तोवर म्हणण्यासारखे बोलणेच झालेले नसते, पण पाहणाऱ्याला पुढचे सगळे कळून चुकते. प्रेम जुळण्याचे इतके नेमके चित्रण मी फार थोड्या चित्रपटांत पाहिले आहे.

हीच काटकसर चित्रपटभर टिकते. सर्ज रेज्जियानी यांचा मांदा बारीक अंगाचा, मिशीवाला, जेमतेम बोलणारा माणूस आहे. तो कधी आपली बाजू मांडत नाही, कधी शपथा घेत नाही. हात मात्र योग्य वेळी उचलतो. रोलाँशी त्याची झुंज गुत्त्यामागच्या अंगणात होते, तेव्हा आत मद्यधुंद कलकलाट चालू असतो आणि बाहेर भोवती उभे असलेले गुंड चिडीचूप असतात. मध्ये टाकलेला सुरा ज्याच्या हाती लागेल तो जगेल, एवढाच नियम. झटापट अडखळत, धापा टाकत होते. तिच्यात कौशल्याचे प्रदर्शन नाही, आणि म्हणूनच ती पाहवत नाही. त्याच गुत्त्यात त्या रात्री काही श्रीमंत मंडळी 'गुंड कसे दिसतात' हे पाहायला नटूनथटून आलेली असतात. हा तपशील बेकेर यांनी ओझरता ठेवला आहे, पण ज्या समाजाने या लोकांच्या बातम्या करमणूक म्हणून वाचल्या, त्याच्याविषयी तो बरेच काही सांगून जातो.

रोलाँच्या खुनानंतर मारी आणि मांदा झ्वँव्हिलच्या बाजूला, नदीकाठच्या एका म्हातारीच्या घरी, लपून राहतात. हा भाग चित्रपटाचा प्राण आहे. 1930च्या दशकात बेकेर हे झाँ रन्वार यांचे सहायक दिग्दर्शक होते, आणि नदी, झाडी, ऊन यांच्याकडे आसुसून पाहण्याची रन्वार यांची दृष्टी इथे जाणवते. मात्र बेकेर यांचे लक्ष निसर्गापेक्षा बारीकसारीक व्यवहारावर अधिक असते: सकाळची कॉफी, गवतात झोपलेला मांदा, गावच्या चर्चमध्ये चाललेले कुणा अनोळखी जोडप्याचे लग्न. लग्न पाहायला मारी हट्टाने आत जाते, मांदा अवघडून तिच्यामागे उभा राहतो. ती तोंडाने काही मागत नाही, पण तिचा चेहरा आपल्याला जे कधी मिळणार नाही त्याच्याकडे टक लावून असतो. रोबेर लफेव्र यांच्या कृष्णधवल छायाचित्रणाने सिन्योरे यांच्या केसांवर आणि खांद्यांवर जो प्रकाश पाडला आहे, त्याला रंगांची उणीव कुठेच भासत नाही.

या प्रेमाचा घात कशाने होतो, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा कथांमध्ये दोष सहसा नशिबाला किंवा मोहात पाडणाऱ्या बाईला दिला जातो. इथे दोन्ही नाही. मारीवर डोळा असलेला लका रोलाँच्या खुनात रेमाँला अडकवतो, कारण मांदा आपल्या जागी मित्राला मरू देणार नाही हे तो पुरेपूर ओळखून असतो. म्हणजे मांदाला संपवते ती त्याची सचोटी, आणि त्या सचोटीचा हिशेब मांडणारा माणूस. क्लोद दोफँ यांनी हा लका अतिशय नीटनेटका, गोडबोल्या आणि थंड रंगवला आहे; हाताखालच्या माणसाला थोबाडीत मारतानाही त्याच्या पोशाखाची घडी मोडत नाही. रेमाँच्या भूमिकेत रेमाँ ब्युसिएर यांनी निखळ मैत्री उभी केली आहे, आणि तिच्याशिवाय मांदाचा निर्णय आपल्याला पटलाच नसता.

मांदा गिलोटिनखाली जातो तेव्हा समोरच्या हॉटेलात भाड्याने घेतलेल्या खोलीच्या खिडकीतून मारी ते पाहत असते. सिन्योरे यांनी इथे रडणे, ओरडणे यांतले काहीही केलेले नाही. पाते पडते, तिची मान खाली झुकते, आणि बेकेर आपल्याला मारी आणि मांदा यांच्या वॉल्ट्झकडे नेतात. सोबतीला 'चेरींचा मोसम' या गाण्याची चाल ऐकू येते. 1871च्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या कष्टकऱ्यांच्या चिरडल्या गेलेल्या उठावाच्या, आठवणींशी जोडले गेलेले हे गाणे फ्रेंच प्रेक्षकाला हरलेल्या गरीब माणसांचे गाणे म्हणून परिचित होते, त्यामुळे एका जोडप्याच्या दुःखामागे अवघ्या वस्तीचे दुःख उभे राहते.

उणीव सांगायचीच तर सुतारमालकाच्या मुलीची सांगावी लागेल. मांदाशी तिचे लग्न ठरलेले असते, मारी कारखान्यात येते तेव्हा त्या मुलीला सारे डोळ्यांदेखत दिसते, आणि त्यानंतर पटकथा तिला विसरून जाते. इतरांच्या एकेका हालचालीची दखल घेणाऱ्या दिग्दर्शकाकडून तिला आणखी एक प्रसंग मिळायला हवा होता. टोळीतले काही गुंडही पहिल्या पाहण्यात एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत.

फ्रान्समध्ये प्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटाचे स्वागत थंडेच झाले. ब्रिटनमध्ये मात्र त्याची कदर झाली आणि सिन्योरे यांना ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट परदेशी अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. लांबी शंभर मिनिटांच्या आतच आहे आणि संवाद थोडे असल्याने इंग्रजी उपशीर्षकांवर पाहताना फारसे काही निसटत नाही. प्रत मात्र स्वच्छ केलेली मिळवावी, आणि ध्वनीही चांगला असावा, कारण जॉर्ज व्हान पारी यांचे संगीत इथे कथेचा बराच भार वाहते.