कॉर्व्हेटचा टप: काढून चालवावी का तशीच?

गाडी घेऊन आता तिसरा उन्हाळा चाललाय, पण भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न अजून तोच, "टप काढून चालवतोस का रे?" इंजिन कुठलं, गिअर किती, कितीला पडली, हे सगळं नंतर. आधी टप. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या गणपतीत आरती संपल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून तेच तेच सांगायला नको.

तर गाडी आहे २००२ ची शेवरले कॉर्व्हेट, सी-५ म्हणजे पाचव्या पिढीतली कूपे. ५.७ लिटरचं व्ही-८, ३५० हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल, आणि गिअरबॉक्स पुढे नाही तर मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं. ही कन्व्हर्टिबल नाही बरं का. कापडी हूड नाही, बटण नाही. दोन सीटांच्या डोक्यावर एक अखंड कडक टप आहे, तो हाताने उचलून काढायचा आणि मागच्या डिकीत ठेवायचा. आपल्याकडे एसटीच्या टपावर सामान टाकायचे ना, तोच शब्द मला या गाडीला बरोबर वाटतो, रूफ पॅनेल वगैरे म्हटलं की उगाच फॉल्स सीलिंगवाल्याकडे आल्यासारखं वाटतं.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, नोव्हायला, डेट्रॉइटच्या बाजूला. म्हणजे गाडी मे ते ऑक्टोबर बाहेर, नंतर बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गॅरेजमध्ये चादर ओढून झोपते. वर्षातले सहा महिने, त्यातले पावसाचे दिवस वजा करा, खड्ड्यांचा एप्रिल तर गेलाच. एवढ्याशा दिवसांत टप काढायचा नाही तर कधी काढायचा, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं. आता वाटत नाही, का ते सांगतो.

आधी घाबरणाऱ्यांसाठी. टप काढला की गाडी "ढिली" पडते, वाकते, दारं करकरतात असं खूप जण ठोकून देतात, आणि जुन्या कॉर्व्हेटबद्दल ते अगदीच खोटं नाही. १९६८ ला जी तिसरी पिढी आली तिला मुळात पूर्ण टप निघणारा करायचं चाललं होतं, पण बॉडी फार पिळवटायला लागली म्हणून मधोमध एक पट्टी ठेवली आणि दोन बाजूंना दोन तुकडे, तेच ते प्रसिद्ध टी-टॉप. मग १९८४ च्या चौथ्या पिढीत ती पट्टी काढली, त्याची भरपाई म्हणून दाराखालचा उंबरठा एवढा उंच केला की आत बसताना पाय मांडवाच्या दोरीवरून टाकल्यासारखा टाकायला लागतो, आणि टप चक्क बोल्टने आवळलेला, काढायला पाना लागतो. कारण तो टप गाडीच्या ताकदीचाच एक भाग होता. सी-५ ला मात्र डेव्ह हिल या चीफ इंजिनिअरच्या टीमने उलटं केलं, चेसिस आधी कन्व्हर्टिबल धरूनच डिझाइन केली. बाजूचे दोन मोठे रेल म्हणजे एकेक अखंड पाइप, पाण्याच्या प्रचंड दाबाने आकार दिलेला, आणि मधला बोगदा खालून प्लेट लावून बंद केलेला. सगळी मजबुती खालीच. त्यामुळे १९९७ पासूनच्या या गाड्यांना टप काढताना पाना लागत नाही, तीन खटके सोडले की झालं. हो, ज्याला ट्रॅकवर जाऊन सेकंदाचे तुकडे मोजायचेत तो याच कॉर्व्हेटची पक्क्या छपराची झेड-झिरो-सिक्स घेतो, ती हलकी आहे आणि आणखी कडक आहे. पण रस्त्यावर, ऑफिसला जाता येता, टप आहे का नाही हे गाडीच्या वळण्यावरून तुम्ही सांगून दाखवा, मी मिसळ खिलवतो.

आता काढायचं कसं. काचा खाली करायच्या, सन व्हायझर बाजूला, पुढे डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन खटके, आणि मागे दोघांच्या डोक्याच्या मधोमध एक. तिन्ही सोडायचे, मग बाहेर येऊन एकाने या बाजूला, दुसऱ्याने त्या बाजूला उभं राहून पुढची कड आधी थोडी उचलायची आणि मग सगळा टप वर. जड नाहीये, पण अडनिडा आहे, कपाटाचं दार उचलल्यासारखा. एकट्याला जमतो. जमतो म्हणजे मलाही जमला होता, पहिल्याच आठवड्यात, शेजारच्या ड्राइव्हवेत एक आजोबा लॉन कापायचं थांबवून बघत होते, त्यांच्यासमोर जरा स्टाइल मारायची म्हणून एकट्याने उचलला, मागचा कोपरा कमानीला घासला आणि दोन इंच रंग गेला. आजोबा काही बोलले नाहीत, पुन्हा मशीन सुरू केलं. तेव्हापासून नियम, बायको घरात असेल तरच टप निघतो. ती म्हणते "तुझ्या गाडीची मी पण पार्टनर, अर्धा टप माझा," आणि ते खरंच आहे.

काढलेला टप मागच्या काचेच्या डिकीखाली बसतो, त्याला आत अडकवायची जागा आहे. इथेच पहिली गोम. टप आत नसताना त्या डिकीत दोन गोल्फ बॅगा मावतात, स्पोर्ट्स कारच्या मानाने चैनच. टप आत गेला की त्याच्याखाली चपट्या, मऊ बॅगाच सरकतात. म्हणजे दोन रात्रींच्या ट्रिपला टप किंवा सामान, एक काहीतरी निवडा. हे कुठल्या ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

वाऱ्याचं काय? लोकांना वाटतं वारा समोरून येतो. नाही हो, वारा मागून येतो. समोरचा वारा विंडशील्डवरून डोक्यावरून निघून जातो आणि मागच्या काचेपाशी भोवरा होऊन परत आत शिरतो, थेट मानेवर. काचा खाली असतील तर आणखी गोंधळ. ताशी ४०-४५ मैलांपर्यंत मजा आहे, झाडांचा वास, कापलेल्या गवताचा वास, इंजिनचा तो घुमणारा आवाज बाजूच्या भिंतीवरून परत येतो ते सगळं. ५५ ला गप्पा बंद होतात. ७० ला फ्रीवेवर तुम्ही आणि शेजारी बसलेला माणूस खुणांनी बोलता, ट्रक बाजूने गेला की पोटात धस्स होतं कारण त्याचं चाक तुमच्या कानाच्या उंचीला असतं. हा नुसता माझा कुरकुर्या स्वभाव नाही, सेंट लुईसच्या कानाच्या डॉक्टरांनी उघड्या कन्व्हर्टिबल गाड्यांत बसून आवाज मोजला होता, ५५ मैलांच्या पुढे बहुतेक गाड्यांत ८५ डेसिबलच्या वर जातो, आणि ८५ ही इथे कारखान्यात रोज आठ तास कामासाठी सांगितलेली मर्यादा आहे. त्यांनीच सांगितलं की काचा वर केल्या की आवाज बराच उतरतो. माझाही अनुभव तोच. टप काढा पण काचा वर ठेवा. दिसायला जरा बावळट दिसतं, मान्य, पण मान दुखत नाही.

ऊन हा दुसरा भाग. जुलैच्या दुपारी टप काढून सिग्नलला उभं राहणं म्हणजे गच्चीवर पापड वाळत घातल्यासारखं, फक्त पापड आपण. काळं लेदर, वर सूर्य, एसीचा गारवा बिचारा गुडघ्यापर्यंतच. माझ्या गाडीत वेग विंडशील्डवर दिसतो ती हेड-अप डिस्प्ले सोय आहे, पण कडक उन्हात ती फिकी पडते आणि पोलराइज्ड गॉगल घातला की गायबच. म्हणजे डोळे वाचवा नाहीतर स्पीडिंगचं तिकीट वाचवा. याच्या उलट ऑक्टोबरची संध्याकाळ, बाहेर १२-१३ डिग्री, काचा वर, हिटर पायावर फुल, अंगात जाड जॅकेट. स्वर्ग. शेकोटीजवळ बसल्यासारखे पाय गरम आणि नाक गार. टप काढायचा सगळ्यात चांगला महिना जुलै नाही, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, ही गोष्ट मला कळायला दोन वर्षं लागली.

आता ट्रॅव्हर्स सिटीची गोष्ट, जिच्यामुळे माझं मत बदललं. मागच्या वर्षी दोघंच निघालो, एम-२२ नावाचा रस्ता करायला. ११६ मैलांचा, मिशिगन लेकच्या कडेकडेने, चेरीच्या बागा, मध्येच स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या, लीलँडची जुनी मच्छीमारांची वस्ती. फोरकास्ट तीन दिवस स्वच्छ. बायकोची सुटकेस कडक निघाली, मग मीच हुशारी केली, टप घरीच ठेवू म्हटलं, सामान मागे जाईल. आणि खरं सांगतो, एम-२२ वर ते दोन दिवस या गाडीसाठीच केले असावेत असे होते. स्पीड लिमिट कुठेच फार नाही, दोन्हीकडून झाडं डोक्यावर वाकलेली, मध्येच ती संपतात आणि एकदम निळंशार पाणी, समुद्रच म्हणा, फक्त खारा वास नाही. ग्लेन आर्बरच्या अलीकडे एका वळणावर सावलीतून बाहेर येताना अंगावर ऊन असं पडलं की बायकोने मान मागे टाकून डोळेच मिटले, आणि पाचेक मिनिटं आम्ही दोघं काहीच बोललो नाही. भांडण न होता पाच मिनिटं शांत, लग्नाला चौदा वर्षं झालेल्यांना त्याची किंमत कळेल.

येताना ग्रेलिंगला आय-७५ फ्रीवेला लागलो आणि दक्षिणेकडे आभाळ भरून आलं. आता गंमत अशी की गाडी वेगात असेल तर पाऊस आत फारसा येत नाही, विंडशील्डवरचा वारा थेंबांना डोक्यावरून मागे फेकतो. वीसेक मैल आम्ही असे कोरडे गेलो, मी तर विजयी वगैरे. मग आले ते केशरी ड्रम. मिशिगनला राहणाऱ्याला सांगायला नको, उन्हाळ्यात इथे झाडांपेक्षा रस्त्याच्या कामाचे केशरी ड्रम जास्त. तीन लेनचा एक लेन, ट्रॅफिक ठप्प, आणि आम्ही उघड्या टबात बसल्यासारखे बसलोय. ओव्हरब्रिज दिसत होता पुढे, पाचशे फुटांवर, तिथे पोचायला अकरा मिनिटं लागली. शेजारच्या मिनीव्हॅनमधली पोरं काचेला नाक लावून बघत होती. बायकोने योगा मॅट डोक्यावर धरली आणि मला एवढंच म्हणाली, "टप कुठाय?" घरी, गॅरेजमध्ये, कोरडा.

लेदर सुकतं, माणूस सुकतो. पण या गाडीत पॅसेंजरच्या पायाखाली, कार्पेटच्या खालीच, दिवे-लॉक-अलार्म सांभाळणारा कॉम्प्युटर बसवलेला आहे. त्यामुळे घरी आल्यावर रात्री कार्पेट उचलून दोन दिवस पंखा लावून ठेवला. वाचलं सगळं. कुबट वास मात्र गणपतीपर्यंत होता.

आईचं मत पण नोंदवतो. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला हौसेने टप काढून वुडवर्ड अव्हेन्यूला नेलं, ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ असते तिथे, हजारो जुन्या गाड्या रांगेत सावकाश फिरतात, लोक खुर्च्या टाकून फुटपाथवर बसलेले. या गाडीत बसायचं म्हणजे जमिनीवरच बसायचं, तिचे गुडघे, मी घाबरलेलो, पण टप काढलेला असला की डोकं वाकवायला लागत नाही, विंडशील्डची चौकट धरून ती आरामात खाली बसली. म्हाताऱ्या माणसांना बसवायचं असेल तर टप काढणं हा खरा उपयोग, लिहून ठेवा. डोक्याला स्कार्फ बांधून, लोकांना हात करत, मंत्र्यासारखी. दोन तासांनी म्हणाली, "अरे एवढे पैसे घालून बिनटपाचीच घ्यायची होती तर आपली वडापची जीप काय वाईट होती?"

तर काढावा का? हो, पण गावातल्या आणि तळ्याकाठच्या रस्त्यावर, पन्नास मैलांच्या आत, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, काचा वर ठेवून. फ्रीवे लागायच्या आधी पेट्रोल पंपावर थांबून लावून टाकायचा, दोघं असाल तर दोन मिनिटांचं काम. आणि टप कायम गाडीतच, सुटकेस गेली खड्ड्यात. लावल्यावर तिन्ही खटके हाताने ओढून बघा, मग दार लावा. सेकंडहँड बघत असाल तर टपाच्या कडेची रबरं दाबून बघा, वीस वर्षांच्या रबराला तडे असतातच, सिलिकॉन ग्रीस लावत राहिलं की आवाज कमी होतो, नवीन घ्यायची तर किंमत ऐकून खाली बसाल. यानंतरच्या सी-६ मध्ये २००५-०६ च्या काही गाड्यांचा रंगवलेला टप फ्रेमपासून सुटण्याच्या कारणाने रिकॉल झाला होता, तसली गाडी घेणार असाल तर नंबर टाकून काम झालंय का तेवढं बघून घ्या. आणि एवढी उठाठेव नकोच असेल तर आत्ताच्या सी-८ ची हार्डटॉप कन्व्हर्टिबल आहे, बटण दाबलं की १६ सेकंदांत टप आपला आपण आत, ३० मैलांपर्यंत चालत्या गाडीत सुद्धा. फक्त त्यासाठी घर विकायला लागेल, निदान माझं तरी.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या डिकीतल्या जागेचा कापला. टप आता डिकीत आईने आणलेल्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीत गुंडाळून ठेवतो, ओरखडा पडत नाही, फोमच्या महागड्या पिशवीपेक्षा भारी. आईला अजून वाटतं ती गोधडी आमच्या गेस्ट रूममध्ये आहे.